सोलापूर ते स्पीती, एकटीनं: मुक्कामाच्या उंचीवरून आखायचा प्रवास

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे आणि हिमाचलातल्या स्पीती खोऱ्यातलं काझा सुमारे ३,७०० मीटरवर. हा सव्वातीन हजार मीटरचा फरक तुमचं शरीर किती रात्रींत पार करणार, हे आधी ठरवायचं. कुठला गोंपा (बौद्ध मठ), कुठलं तळं हे त्यानंतर.

हे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. मनालीहून पहाटे शेअर जीप पकडली, कुंझुम खिंड ओलांडली आणि त्याच संध्याकाळी काझ्यात उतरले. म्हणजे २,००० मीटरवर झोपून उठलेली मी दुसऱ्याच रात्री ३,७०० मीटरवर झोपायला गेले. रात्रभर डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. सकाळी कुणाला काही बोलले नाही, कारण कोमिक गावाला जाणाऱ्या गाडीत जागा मिळाली होती. कोमिक ४,५०० मीटरच्याही वर. तिथं गाडीतून उतरल्यावर पाय जमिनीवर नीट पडेनात. ड्रायव्हरदादांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाकीच्यांना न विचारता गाडी खाली वळवली. मी एकटी होते आणि माझं काही बिघडतंय हे ओळखायला माझ्याबरोबर दुसरं कुणीच नव्हतं. हा लेख त्या दिवसापासून डोक्यात आहे.

दुसऱ्या खेपेला मी एक वही केली. तिच्यात ठिकाणं नव्हती, उंची होती. तीच पद्धत इथं देते आहे.

आधी महिना

सोलापूरकरांना पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही. सह्याद्री ढग अडवतो आणि आपल्याकडे उरलासुरला पाऊस येतो. हिमालयातही तसंच आहे. बाहेरच्या रांगा पाऊस झेलतात आणि स्पीती कोरडी राहते. म्हणून बरेच जण जुलै-ऑगस्टचं आरक्षण करतात. पण स्पीतीपर्यंत पोचायचा शिमल्याकडचा रस्ता किन्नौर जिल्ह्यातून जातो, आणि किन्नौरचा खालचा भाग कोरडा नाही. सतलजच्या काठानं जाणाऱ्या त्या रस्त्यावर पावसाळ्यात दरडी पडतात, कधी रस्ता दिवसभर बंद, कधी चार दिवस. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात पुरानं थैमान घातलं, तेव्हा चंद्रताल तळ्याजवळ बर्फामुळे सुमारे तीनशे पर्यटक अडकून पडले होते. तेही ऐन उन्हाळी हंगामात.

मी सप्टेंबर सुचवते. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळलेलं असतं आणि मनालीकडची कुंझुम खिंड साधारण ऑक्टोबरपर्यंत उघडी असते. मे-जूनमध्ये किन्नौरची बाजू चांगली असते, पण खिंड उघडायला कधीकधी जून उजाडतो. हिवाळ्यात पहिल्यांदा आणि एकटं जाऊ नका. पाणी गोठतं, बस रद्द होतात, मदत यायला वेळ लागतो.

वहीचे तीन रकाने

पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या रात्री झोपायचं ठिकाण, तिसऱ्यात त्या ठिकाणाची उंची. दिवसा कुठं फिरणार ते लिहायचंच नाही, निदान पहिल्या मसुद्यात तरी.

मग नियम लावायचा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार रात्रींनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा वर जाऊन रात्री खाली यायला हरकत नाही. उलट त्यानं शरीराला सवय लागते.

यामागचं कारण साधं आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, पण उंचीवर हवेचा दाबच कमी होतो. ३,५०० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, ५,५०० मीटरवर निम्मा. शरीर श्वास वाढवून आणि रक्तात बदल करून जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. झोपेत श्वास मंदावतो, म्हणून झोपायची उंची महत्त्वाची.

माझ्या वहीतला आराखडा असा आहे. पहिली रात्र रेल्वेत. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते. दुसरी रात्र काश्मिरी गेटवरून शिमल्याच्या बसमध्ये. तिसरी शिमला, २,२०० मीटर. चौथी सराहन, साधारण तितकीच उंची. भीमाकालीचं मंदिर तिथंच आहे आणि लांबच्या प्रवासानंतर पाठ टेकायला ही जागा फार चांगली. पाचवी आणि सहावी कल्पा, २,९६० मीटर. तिथून समोर किन्नर कैलास दिसतो. सातवी आणि आठवी ताबो, ३,२८० मीटर. नववी, दहावी, अकरावी काझा. बारावी ‘की’ नावाच्या गावातल्या गोंपाजवळ, सुमारे ४,१०० मीटर. तेरावी लांग्झा, ४,४०० मीटर. चौदावी परत काझा. मग उतरणीचा प्रवास.

यात नाको नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. बहुतेक आराखड्यांत कल्पानंतरचा मुक्काम नाकोला असतो, कारण ते वाटेत पडतं आणि तिथलं तळं सुंदर आहे. पण नाको ३,६६० मीटरवर आहे. कल्पाहून नाको म्हणजे एका रात्रीत ७०० मीटरची उडी. ताबो त्याच रस्त्यावर पुढे आहे, पण उंचीनं खाली. नुसता नकाशा पाहिला की हे कळत नाही, वहीतला तिसरा रकाना पाहिला की लगेच कळतं. नाको परतीच्या वाटेवर बघा, तेव्हा शरीर तयार असतं. आणि ताबोत दोन रात्री काढणं काही वाया जात नाही. तिथला गोंपा इ.स. ९९६ चा आहे, मातीच्या भिंतींचा. आतली भित्तिचित्रं हजार वर्षांनंतरही रंग धरून आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणूस नुसता बघत बसतो.

सगळं मिळून जाऊन-येऊन अठरा दिवस. त्यावर तीन दिवस राखीव. हे तीन दिवस आराखड्यातून कापू नका. दरड, बस रद्द, डोकेदुखी, ताप, यांपैकी काहीतरी होतंच. परतीचं तिकीट राखीव दिवस धरूनच काढा. रेल्वेचं आरक्षण सध्या साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे तारखा दोन महिने आधी पक्क्या हव्यात. एकवीस दिवस रजा मिळत नसेल तर शिमला, सराहन, कल्पा आणि ताबो एवढंच करा आणि परत या. अपुऱ्या दिवसांत काझा-लांग्झा कोंबण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

लडाखला जायचं असेल तरी हीच वही चालते. विमान तुम्हाला तासाभरात ३,५०० मीटरवर लेहमध्ये सोडतं, म्हणून तिथं पहिल्या तीन रात्री हलायचं नाही, आणि त्यातले पहिले दोन दिवस तर गावातही जास्त चालायचं नाही. पँगाँगच्या आधी नुब्रा घ्या, कारण नुब्रातलं दिस्कित लेहपेक्षा खाली आहे. वाटेतला खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथं चहा पीत तासभर रेंगाळू नका. आणखी एक गोष्ट: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. हिमाचलात दोन्ही चालतात.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

निघायच्या सहा-आठ आठवडे आधी जा. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन टाळूच नये. आपल्याकडे ते कमी असणं इतकं सर्रास आहे की आपण त्याला आजार मानत नाही, पण जिथं ऑक्सिजन कमी तिथं तो वाहून नेणारं रक्तही कमी पडलं तर त्रास दुप्पट होतो. दोन महिने हातात असतील तर ते वाढवता येतं. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर काय म्हणतात तेच अंतिम.

डायमॉक्सबद्दल त्यांना स्पष्ट विचारा. अॅसिटाझोलामाइड हे डायमॉक्समधलं औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण तुम्हाला ते घ्यायचं का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. या गोळीनं बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. एखादी गोळी सोलापुरातच घेऊन बघायला मिळते का विचारा. वर गेल्यावर पहिल्यांदाच मुंग्या आल्या की माणूस घाबरतो. आणि गोळी घेतली म्हणून आराखड्यातल्या रात्री कमी करायच्या नाहीत.

तयारी

एक गैरसमज आधी दूर करते. तब्येत ठणठणीत असली म्हणजे उंचीचा त्रास होत नाही, असं अजिबात नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा तरुणही आडवा होतो, उलट तो भराभर चढतो म्हणून जास्त होतो. आणि कळसूबाई कितीही वेळा चढलात तरी ते १,६४६ मीटरच आहे, त्यानं उंचीची सवय लागत नाही. तयारी करायची ती पाय, पाठ आणि धीरासाठी.

सोलापूर सपाट आहे, म्हणून जिने शोधा. चार-पाच मजली इमारतीचा जिना, पाठीवर सहा किलोची सॅक, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. बोलता येईल इतक्याच वेगानं. बाकीच्या दिवशी पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चाला. रविवारी मोठी चाल. कोजागरीला तुळजापूरला पायी गेला असाल तर पायांचं शास्त्र तुम्हाला ठाऊक आहे: नवे बूट घालून कुणी निघत नाही, मोजे ओले झाले की फोड येणारच, आणि सुरुवातीला जो धावतो तो घाटात बसतो. तेच इथंही. बूट दोन महिने आधी घ्या आणि सोलापुरातच झिजवा.

सॅकमध्ये काय

एकट्या माणसाची सॅक दहा किलोच्या वर गेली की बसच्या टपावर चढवताना दुसऱ्याची वाट बघावी लागते.

आपण सुती कपड्यांच्या गावचे. चादर सुती, टॉवेल सुती, अंगातला बनियन सुती. थंडीत मात्र सूत अंगाला लावू नका. ते घाम धरून ठेवतं, वाळत नाही आणि वारा सुटला की अंग गार पडतं. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात बाहेर वारा अडवणारं. सप्टेंबरमध्येही काझ्यात रात्री तापमान शून्याच्या जवळ उतरतं. सोलापुरी चादर मी तरीही नेते, होमस्टेच्या जाड रजईखाली अंगालगत घ्यायला. ती पातळ आहे, स्वच्छ आहे आणि आपली आहे.

चष्मा अतिनील किरणं पूर्ण अडवणारा हवा. उंचीबरोबर ही किरणं वाढत जातात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. सोलापूरच्या उन्हात वाढलो म्हणून सनस्क्रीन लावायचं राहून जातं, आणि तिसऱ्या दिवशी नाकाची सालं निघतात.

खाण्याचं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण उंचीवर भूक मरते आणि न खाल्ल्यानं थकवा वाढतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्याइतकं सोयीचं प्रवासातलं जेवण मला सापडलेलं नाही. वजनाला हलकी, शिजवायची गरज नाही, आणि स्पीतीच्या कोरड्या हवेत भाकरी शेवटपर्यंत कुरकुरीत राहते. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय नीट शिजत नाही. छोट्या ढाब्यावर कच्चट डाळ खाऊन पोट बिघडवण्यापेक्षा थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) घ्या आणि त्यात भाकरी कुस्करा. लांग्झ्याच्या घरमालकीण आमांना मी शेंगाचटणी दिली, तर त्यांनी ती त्साम्पामध्ये कालवून खाल्ली आणि उरलेली मागून घेतली. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. चव आपल्या सातूच्या पिठासारखीच.

औषधांत ओआरएस, पॅरासिटामॉल, उलटी आणि जुलाबावरची गोळी, फोडांसाठी टेप, तुमची नेहमीची औषधं दुप्पट. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेलात तर एक लक्षात ठेवा: गार बोटावर तो चुकीचं दाखवतो, आणि ३,७०० मीटरवर ९० च्या खालचा आकडा दिसणं नेहमीचं आहे. एका आकड्यानं घाबरू नका. विश्रांती घेऊनही आकडा रोज घसरत असेल आणि जोडीला लक्षणं असतील, तर मात्र हयगय नको. थंडीत बॅटरी लवकर उतरते, फोन आणि पॉवर बँक रात्री पांघरुणात घ्या.

पैसे, बस, रस्ता

रोख रक्कम रामपूर किंवा कल्पाच्या खालच्या रिकाँग पिओला काढून घ्या. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही, आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देणं बंद. रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवा. राखीव तीन दिवसांचा खर्च आणि एका स्वतंत्र टॅक्सीनं खाली उतरण्याचे पैसे वेगळ्या पाकिटात. त्या पाकिटाला हात लावायचा नाही.

पिओहून काझ्याला हिमाचल परिवहनची बस सकाळी लवकर सुटते. अंतर सुमारे २०० किलोमीटर, पण अख्खा दिवस जातो. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळ विचारा आणि कंडक्टरला सांगा की ताबोला उतरायचं आहे. एकट्या बाईनं बसनंच जावं असं माझं ठाम मत आहे. बसमध्ये शाळेच्या बाई, जवान, म्हाताऱ्या आज्या, गॅस सिलिंडर, सगळे असतात, आणि ताबो येईपर्यंत तुमची चौकशी अर्ध्या बसनं केलेली असते. मराठी माणसाला एसटीची सवय आहे, तिथं बुजायला होत नाही.

स्पीतीसाठी भारतीय नागरिकांना सीमाभागात जायचा इनर लाइन परवाना लागत नाही, पण तपासणी नाक्यांवर ओळखपत्र लागतं. मूळ आधार कार्ड आणि दोन झेरॉक्स ठेवा.

कुठलाही प्रवास सकाळी. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, नाल्यांना पाणी वाढतं, सुटे दगड घरंगळायला लागतात. दुपारनंतर निघणारी टॅक्सी कितीही स्वस्त मिळाली तरी नको म्हणा.

परतीला मनालीकडून यायचं असेल तर कुंझुम उघडी आहे याची काझ्यात खात्री करा. ४,५५० मीटरची ती खिंड ओलांडताना तोवर तुमचं शरीर रुळलेलं असतं, म्हणून मी हा रस्ता फक्त परतीला सुचवते. चंद्रताल त्याच बाजूला आहे, पण तिथं नेटवर्क नाही आणि दवाखाना नाही. पहिल्या एकट्या प्रवासात तिथं रात्र काढू नका.

परत फिरायचं कधी: हे घरीच लिहून ठेवा

उंचीचा त्रास वाढला की विचारशक्तीच मंदावते. ज्या मेंदूनं निर्णय घ्यायचा तोच आजारी असतो. बरोबर कुणी असेल तर ते सांगतात, एकट्याला कोण सांगणार? म्हणून नियम सोलापुरात बसून, शांत डोक्यानं लिहायचे आणि तिथं गेल्यावर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर हे आहेत.

डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा कमालीचा थकवा आहे: आज वर जायचं नाही. इथंच थांबायचं, पाणी, विश्रांती.

एक दिवस थांबूनही तसंच आहे किंवा वाढलंय: खाली उतरायचं.

सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालता येत नाही, बोलताना गोंधळ होतोय: मेंदूला सूज येत असू शकते. त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी.

बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, थुंकीत फेस किंवा गुलाबी रंग: फुफ्फुसात पाणी होत असू शकतं. ऑक्सिजन आणि लगेच खाली.

दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत. त्यांनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

आता काझ्याची एक अडचण समजून घ्या, कारण ‘खाली उतरा’ म्हणणं सोपं आहे. काझ्याहून ताबो म्हणजे पन्नासेक किलोमीटर जाऊन जेमतेम ४०० मीटर उतार. त्यापुढे रस्ता परत नाकोपर्यंत चढतो आणि मग सतलजकडे उतरतो. मनालीच्या बाजूला तर साडेचार हजारांची खिंड आडवी. म्हणजे इथून झटपट खूप खाली जाता येत नाही. म्हणून काझ्यात आजारी पडल्यावर विचार करण्यापेक्षा कल्पा आणि ताबोमध्ये रात्री भरपूर घालवायच्या. काझ्यात सरकारी आरोग्य केंद्र आहे, ते कुठं आहे हे पहिल्याच दिवशी पायी जाऊन बघून या. आणीबाणीचा क्रमांक ११२.

विमा घेणार असाल तर किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे ते कागदावर वाचा. काही पॉलिसींत ही मर्यादा असते.

एकटं असताना

घरी एक कागद ठेवा: वहीतल्या तीन रकान्यांची नक्कल, प्रत्येक मुक्कामाचा फोन नंबर, काझा पोलिसांचा नंबर. रोज रात्री एक निरोप: कुठं आहे, तब्येत कशी, उद्या कुठं. आणि हे आईला नीट समजावून सांगा की एक दिवस निरोप आला नाही तर त्याचा अर्थ बहुधा टॉवर बंद आहे. माझं आईशी असं ठरलं होतं: चोवीस तास गप्प राहायचं, त्यानंतर होमस्टेला फोन, अठ्ठेचाळीस तासांनंतर पोलिसांना. दुसऱ्या खेपेला लांग्झ्यात दीड दिवस नेटवर्क नव्हतं. आईनं ठरल्याप्रमाणे आमांना फोन लावला. तिला हिंदी मोडकंतोडकं, त्यांचंही तसंच. दोघी दहा मिनिटं बोलल्या. मी बाहेर मेंढरांमागे फिरत होते, परत आले तेव्हा आमांनी सांगितलं, तुझ्या आईनं विचारलंय की तू जेवतेस का.

प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर घरमालकांना ‘जुले’ म्हणा आणि लगेच दोन वाक्यं सांगा: मी एकटी आले आहे, सकाळी सातपर्यंत दिसले नाही तर दार वाजवा. यात संकोच करू नका. त्या लोकांनी उंचीचा त्रास झालेली पाहुणेमंडळी शेकड्यानं बघितलेली असतात, आणि ते तुम्हाला तुमच्याआधी ओळखतात. मला दुसऱ्या खेपेला ‘की’मध्ये एका सकाळी नुसतं जड वाटत होतं. चहा देणाऱ्या भिक्खूंनी विचारलं, रात्री झोप लागली का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग आज लांग्झा नाही.

मी वही उघडली, लांग्झ्यापुढची तारीख खोडली आणि राखीव दिवसांपैकी एक तिथं लिहिला.